कागदावरची कुटकी

“मॅडम, ये जड़ है या दाना?”

मूळ आहे की दाणा, हा प्रश्न निर्यातीच्या ऑफिसातल्या श्रीवास्तव साहेबांनी अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारला. त्यांच्या टेबलावर स्टीलच्या वाटीत मूठभर बारीक, पिवळट पांढरे दाणे होते. रव्यापेक्षा थोडे मोठे, तांदळाच्या कणीपेक्षा थोडे लहान. पहिलीतल्या पोरालाही उत्तर देता आलं असतं. मी पस्तीस वर्षं कॉलेजात बॉटनी शिकवून रिटायर झालेली. मलाही जमलं.

“दाना है,” मी म्हणाले.

“वो तो हमें भी दिख रहा है. पर काग़ज़ पर जड़ लिखी है.”

सरकारी ऑफिसात डोळ्यांना दिसतं ते आणि कागदावर लिहिलेलं असतं ते यांच्यात भांडण झालं, की नोटीस डोळ्यांना जाते. हे मला नोकरीतच कळलं होतं. रिटायर झाल्यावर पुन्हा रिव्हिजन करावी लागेल असं वाटलं नव्हतं.

माझ्या शेजारच्या खुर्चीत संध्या बसली होती. पंधरा वर्षांपूर्वी ती माझ्याकडे एम. एस्सी.ला होती. आता इथं ग्वाल्हेरला, माधवगंजात तिचं छोटं पॅकिंग युनिट आहे. कोदो, कुटकी, ज्वारी, नाचणी अशी भरडधान्यं ती साफ करून, पाकिटांत भरून विकते. कुटकी येते दिंडोरीकडून, म्हणजे जबलपूरच्याही पलीकडून. तिथल्या बायकांचा एक गट ती पिकवतो आणि कोंडा काढून पाठवतो. संध्याला पहिल्यांदाच परदेशची ऑर्डर मिळाली होती. दुबईतल्या एका दुकानदाराला साठ पोती हवी होती. बायकांनी पोती पाठवली, संध्यानं धान्य साफ करून पुन्हा पोत्यांत भरलं, आणि निर्यातीचा ऑनलाइन फॉर्म भरायला घेतला. फॉर्ममध्ये एक रकाना होता, ‘बॉटनिकल नेम’. तो रिकामा सोडला तर फॉर्म पुढं सरकत नव्हता.

संध्यानं तिथं लिहिलं, ‘पायक्रोरायझा कुरोआ’.

कॉम्प्युटरनं तत्काळ लाल पट्टी दाखवली आणि साठ पोती गोदामात अडकली.

आता हे पायक्रोरायझा प्रकरण काय, ते सांगते. कुटकी नावाच्या दोन वनस्पती आहेत. एक हिमालयात उंचावर, थंडीत वाढते. तिची मुळं औषधात वापरतात. चवीला अशी कडू की कारलं तिच्यापुढं श्रीखंड वाटावं. लोकांनी ती उपटून उपटून इतकी कमी केली, की आता ती संरक्षित आहे. परवानगीशिवाय ती देशाबाहेर जात नाही. दुसरी कुटकी म्हणजे मध्य प्रदेशातलं गरिबांचं धान्य. भातासारखी शिजवून खातात. तिचं शास्त्रीय नाव ‘पॅनिकम सुमात्रेन्स’. या दोघींचं नात्यानं एकमेकींशी काहीही नाही. मांजर आणि मांजरपाट यांच्यात जेवढं नातं, तेवढंच.

तर संध्यानं धान्याच्या फॉर्मवर औषधी मुळीचं नाव लिहिलं होतं. सरकारच्या दृष्टीनं संध्या साठ पोती दुर्मीळ मुळ्या दुबईला पळवत होती.

“साहेब, मुळीला असे दाणे येत नाहीत,” मी हिंदीत समजावलं.

“बीज तो आते होंगे? बीज भी पौधे का ही हिस्सा है.”

हे चूक नव्हतं. मला थोडा रागच आला. मूर्ख माणसाशी भांडायची तयारी करून आलं, आणि समोरचा विचार करणारा निघाला, की सगळी तयारी वाया जाते.

माझ्या विषयाला टॅक्सॉनॉमी म्हणतात. साध्या मराठीत, वनस्पतींना नावं ठेवण्याचा धंदा. माणसांना नावं ठेवायला डिग्री लागत नाही, झाडांना लागते. प्रत्येक वनस्पतीला लॅटिन वळणाचं दोन शब्दांचं नाव असतं. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा तिचा स्वतःचा. बोलीतली नावं गावागणिक बदलतात, म्हणून ही सोय. आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी लोकांना तिची गरज इतरांपेक्षा जास्त. आम्ही घरात मराठी बोलतो आणि मंडईत हिंदी, त्यामुळे निम्मी भाजी गैरसमजातच शिजते. आईनं उपासाला रताळी सांगितली, की बाबा मंडईत जाऊन ‘रतालू’ मागायचे आणि जांभळा कंद घेऊन यायचे. रताळ्याला इकडे शकरकंद म्हणतात. पडवळ मागितलं तर परवल मिळतं. कोहळा मागितला तर लाल भोपळा, कारण त्याला इकडे कोहड़ा म्हणणारेही आहेत. हे सगळं मी वर्गात गमतीनं सांगायचे आणि शेवटी टेबलावर हात आपटून म्हणायचे, “म्हणून शास्त्रीय नाव लिहा. शास्त्रीय नाव कधी धोका देत नाही.”

संध्यानं माझं ऐकलं होतं. शास्त्रीय नाव लिहिलं होतं.

“साहेब, चूक झाली आहे,” मी म्हणाले. “मी एक्स्पर्ट म्हणून लेखी देते की हे धान्य आहे. विषय संपला.”

“ऐसे कैसे संपला, मॅडम?” साहेबांना मराठी थोडं येत होतं. ग्वाल्हेरमध्ये सगळ्यांनाच थोडं येतं, फक्त भांडणापुरतं. “पार्टी ने नाम अपने मन से नहीं लिखा. साथ में प्रूफ़ लगाया है. छपी हुई किताब का पन्ना.”

त्यांनी फाइलमधून एक झेरॉक्स काढली आणि माझ्यासमोर सरकवली.

पान त्रेचाळीस. पाच रकाने. हिंदी, मराठी, संस्कृत, इंग्रजी, शास्त्रीय नाव. मधेच एका ओळीखाली संध्यानं पेन्सिलनं रेघ मारली होती. हिंदी: कुटकी. मराठी: कुटकी, बाळकडू. शास्त्रीय नाव: पायक्रोरायझा कुरोआ. धान्याचा पत्ता नाही.

माझं डोकं सणकलं. अशा याद्या मी खूप पाहिल्या आहेत. चार जुन्या याद्या समोर ठेवून पाचवी करायची, आणि वर आपलं नाव घालायचं.

“बघा,” मी झेरॉक्सवर बोट आपटलं. “हे असले लोक. शेतात कधी पाय ठेवलेला नसतो. कुटकी हे धान्य आहे हे ज्याला माहीत नाही, त्यानं मध्य प्रदेशात बसून पुस्तक लिहावं? आणि छापणाऱ्यानं छापावं? कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?”

पलीकडच्या टेबलावरचा क्लार्क टाइप करायचा थांबला. संध्यानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

“मॅडम,” ती अगदी हळू म्हणाली, “ते आपलंच पुस्तक आहे.”

मी झेरॉक्स पुन्हा पाहिली. पानाच्या खालच्या कोपऱ्यात झाडाचं एक छोटं पान छापलेलं होतं. ते डिझाइन मीच काढून दिलं होतं.

श्रीवास्तव साहेबांनी घंटी वाजवून चहा मागवला. त्या क्षणी मला तो माणूस फार सुसंस्कृत वाटला.

त्या पुस्तकाबद्दल सांगायला हवं. कॉलेजच्या ग्रँटमधून ते निघालं होतं. पाच भाषांतली वनस्पतींची नावं. प्रकाशनाला शाल, श्रीफळ, एका पाहुण्यांचं तासभर भाषण. पाहुण्यांनी पुस्तक उघडलेलं नव्हतं, पण ‘मैलाचा दगड’ वगैरे म्हणाले. मी ते खरं मानलं. मैलाच्या दगडावरचं अंतर चुकीचं असेल तर लोक चुकीच्या गावी पोचतात, हे तेव्हा कोणी म्हणालं नाही.

ऑटोत संध्या माझ्याकडे बघेचना.

“तुला माहीत नव्हतं का, की कुटकी नावाचं औषधही असतं?” मी विचारलं.

“माहीत होतं ना, मॅडम. गूगलवर दोन्ही येत होते. मी कन्फ्यूज झाले. मग विचार केला की गूगलचं काय, कोणीही लिहितं. मॅडमचं पुस्तक आहे ना घरी. आपण तर म्हणायच्या, छापलेलं बघा.”

“मग फोन का नाही केलास?”

“पुस्तक असताना फोन कशाला लावायचा? आणि काल आपल्याला सांगणारच होते. पण कसं सांगणार? हिम्मतच नाही झाली.”

म्हणजे ती कालपासून मला ओळखपत्र, चष्मा, जुनी सर्टिफिकेटं घ्यायला लावून एक्स्पर्ट म्हणून नेत होती, आणि तिला माहीत होतं की आरोपीही मीच आहे. विद्यार्थ्यांना इतकं आदरानं वागायला शिकवू नये. अंगाशी येतं.

घरी आल्यावर पुस्तक काढलं. चूक कशी झाली ते शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. धान्य पुस्तकात होतं, पण ‘वरई’ या नावाखाली. आमच्या घरी एकादशीला वरईचे तांदूळ शिजायचे. म्हणून मी मराठी रकान्यात वरई लिहिलं, आणि हिंदीत समा, मोरधन ही ग्वाल्हेरच्या दुकानांतली नावं. तीही अर्धवटच, कारण बाजारात वरई-भगर म्हणून दोन-तीन निरनिराळ्या गवतांचे दाणे विकतात. आणि हिंदीतलं कुटकी हे नाव घेतलं होतं औषधांच्या जुन्या यादीतून. ज्या प्रदेशात हे धान्य पिकतं आणि रोज खाल्लं जातं, तिथलं त्याचं नाव मी कुणालाच विचारलं नव्हतं. आमच्या उपासाचं नाव पुस्तकात गेलं. त्यांच्या रोजच्या जेवणाचं गेलं नाही.

आणखी एक गोष्ट आठवली. न आठवती तर बरं झालं असतं. पुस्तक निघाल्यावर वर्षभरात बी. एस्सी.च्या तोंडी परीक्षेला मंडल्याकडचा, म्हणजे दिंडोरीच्या शेजारचाच, एक मुलगा होता. मी विचारलं, कुटकीचा उपयोग काय? तो म्हणाला, “खाते हैं, मॅडम. चावल जैसा.” मी हसले. म्हणाले, “अरे, खाके देखो एक बार, ज़िंदगी भर की मिठाई भूल जाओगे.” बाहेरून आलेले परीक्षकही हसले. त्याला त्या प्रश्नाचे शून्य मार्क मिळाले. मला दीड-दोन हजार वनस्पतींची लॅटिन नावं पाठ आहेत. त्या मुलाचं नाव आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी लेखी मागण्या पाठवल्या. एक, धान्य नेमकं कोणतं ते सांगणारं तज्ज्ञाचं सर्टिफिकेट, वनस्पतीच्या नमुन्यासह. दोन, जोडलेल्या पुस्तकातली नोंद चुकीची असल्याचं लेखिकेचं निवेदन. तज्ज्ञ आणि लेखिका एकच असल्याबद्दल त्यांनी काही हरकत घेतली नव्हती. तसा रकाना नसावा.

नमुन्याचा मुद्दा मात्र रास्त होता. कोंडा काढलेल्या दाण्यावरून मी शपथेवर नाव सांगू शकत नव्हते. अशी बारीक धान्यं पाच-सहा आहेत आणि सोलल्यावर सगळी बहिणी-बहिणी दिसतात. कणीस हवं, दाण्यावरचं टरफल हवं. आणि वेळ नव्हता. कोंडा काढला की दाण्यातलं तेल उघडं पडतं. मग तो फार टिकत नाही, खवट होतो. गोदाम पत्र्याचं होतं.

संध्यानं दिंडोरीला फोन लावला. चौथ्या दिवशी गटाच्या प्रमुख फूलवतीबाई स्वतः ग्वाल्हेरला आल्या. पन्नाशीच्या, काटक, कपाळावर गोंदण. बरोबर एक मोठी पिशवी. पिशवीत बियाण्यासाठी ठेवलेल्या कुटकीच्या पेंढ्या, मुळासकट. मी फक्त एक कणीस मागितलं होतं.

“तीन तरह की लाई हूँ,” त्या म्हणाल्या. “एक जल्दी पकती है, एक बीच की, एक देर वाली. आपको कौन सी चाहिए, फ़ोन में समझ नहीं आया.”

माझ्या पुस्तकात कुटकी म्हणून एकही नव्हती. यांच्या पिशवीत तीन निघाल्या.

मी डायनिंग टेबलावर मायक्रोस्कोप मांडला. सैल, खाली झुकणारं कणीस. गुळगुळीत, चकचकीत टरफल. मग अडकलेल्या पोत्यांतल्या नमुन्यातून न सोललेले दाणे चिमट्यानं वेचून काढले. साफ करताना असे थोडे राहतातच. ते कणसातल्या दाण्यांशी ताडून पाहिले. जुळले. फूलवतीबाईंनाही मायक्रोस्कोपमधून दाखवलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

“अच्छा है,” त्या म्हणाल्या. “पर इतना पास से देखने की क्या ज़रूरत? दूर से ही दिख जाती है.”

मग त्यांनी विचारलं की तो सगळा घोटाळा जिच्यामुळे झाला, ती दुसरी कुटकी कुठे आहे? घरात होती. काळपट, सुरकुतलेल्या काड्यांची पुडी. मी एक तुकडा दिला. चाखू नका, असं सांगायच्या आत त्यांनी तो दाढेखाली धरला. पुढच्या क्षणी त्या बेसिनकडे धावल्या. चांगल्या चार चुळा भरून परत आल्या.

“इसको हमारा नाम किसने दिया?”

“बहुत पुराना नाम है,” मी म्हणाले. “पर आपका नाम किताब में से मैंने छोड़ा.”

त्यांना आधी कळलं नाही. मी पान त्रेचाळीस दाखवलं, समजावून सांगितलं. त्या ऐकत होत्या. रागावतील असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

“आप हमारे उधर कभी आई नहीं थीं?”

“नहीं.”

“फिर कैसे मालूम होता,” त्या म्हणाल्या आणि पेंढीतून गळलेले दाणे टेबलावरून बोटानं गोळा करायला लागल्या. “छब्बीस औरतों ने महीना भर कूटा-फटका है. इस बार वापस आया, तो अगली बार कोई नहीं कूटेगी. बोलेंगी, बाहर भेजने का नाम मत लो.”

सव्वीस बायकांचं महिनाभराचं कांडणं-पाखडणं, पण हे त्या तक्रार म्हणून बोलल्या नाहीत. फक्त सांगितलं. दाणे मुठीत घेऊन पिशवीत टाकले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी ऑफिसात. मी सर्टिफिकेट दिलं. नमुना हर्बेरियम शीटवर चिकटवला होता. हर्बेरियम शीट म्हणजे जाड कागदावर वाळवून चिकटवलेली वनस्पती, खाली नाव-गाव-तारीख. वनस्पतीचा पासपोर्टच म्हणा. श्रीवास्तव साहेबांनी शीट उलटसुलट पाहिली. मग कॉम्प्युटरकडे वळले, आणि त्यांचा चेहरा पडला.

“मॅडम, आपने लिखा पॅनिकम सुमात्रेन्स. हमारी लिस्ट में कुटकी के आगे लिखा है पॅनिकम मिलिएर. ये तो तीसरी हो गई.”

मी डोळे मिटून घेतले. शास्त्रीय नाव कधी धोका देत नाही, असं मी पस्तीस वर्षं टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. जे सांगितलं नव्हतं ते हे, की शास्त्रज्ञही नावं बदलतात. जुन्या पुस्तकांत या धान्याला पॅनिकम मिलिएर म्हणत. नंतर अभ्यासकांना कळलं की ते नाव चुकीनं लागलं आहे, म्हणून सुमात्रेन्स झालं. धान्याला कोणी कळवलं नाही.

“साहेब, दोन्ही एकच. जुनं नाव आणि नवं नाव.”

“जैसे शादी के बाद?”

“तसंच समजा. फक्त इथे नवरा नसतो, रिसर्च पेपर असतो.”

साहेबांना पटलं. पण त्यांना पटून काय उपयोग? फाइलला पटायला हवं होतं. त्यांनी सुचवलं की दोन्ही नावं एकाच वनस्पतीची असल्याचं अॅफिडेव्हिट द्या, नोटरीकडून.

नोटरी, आमच्यातलाच मराठी माणूस, कचेरीबाहेरच बसत होता. त्याच्याकडे लग्नानंतर नाव बदलल्याचा छापील नमुना तयार होता. दुसरा नव्हता. तो भराभर भरत गेला.

“जुनं नाव?”

“पॅनिकम मिलिएर.”

“नवं?”

“पॅनिकम सुमात्रेन्स.”

“क्रिश्चन?”

“गवत.”

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. असले लोक त्याच्याकडे रोज येत असावेत. “वडिलांचं नाव?”

मी गवतांचं घराणं सांगितलं, पोएसी. त्यानं ते लिहून घेतलं. पत्ता म्हणून फूलवतीबाईंनी आपल्या गावाचं नाव दिलं, आणि हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला. संध्या तर पार भिंतीकडे तोंड करून उभी होती. आठवड्याभरात आम्ही पहिल्यांदा हसत होतो.

राहिलं होतं माझं निवेदन. पुस्तकातली नोंद चुकीची असल्याचं. मी कोरा कागद घेऊन बसले. श्रीवास्तव साहेबांनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि आवाज खाली केला.

“मॅडम, आप बड़ी हैं. हमारी मानिए तो ‘मुद्रण दोष’ लिख दीजिए. प्रिंटर की ग़लती. हमें चलेगा. आपका नाम भी ख़राब नहीं होगा.”

मनापासून सांगितलं होतं त्यांनी. आणि योजना सुरेख होती. छापखाना कधीच बंद पडलाय, छापणारे गृहस्थ वारले. गेलेला माणूस हरकत घेत नाही. दोन शब्दांत मी सुटत होते. ‘मुद्र’ एवढं लिहूनही झालं.

समोर फूलवतीबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांना आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं. माझ्याकडे बघतही नव्हत्या. कौतुकानं भिंतीवरचा पंखा बघत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझा सद्सद्विवेक जागा झाला, असं लिहायला छान वाटलं असतं. तसं काही झालं नाही. मला फक्त तो तोंडी परीक्षेतला मुलगा आठवला, आणि वाटलं की निदान या वेळी मार्क बरोबर जागी पडावेत.

मी ‘मुद्र’ खोडलं. लिहिलं: ‘पान ४३ वरील नोंद अपुरी व दिशाभूल करणारी आहे. कुटकी हे मध्य प्रदेशात पिकणाऱ्या व खाल्ल्या जाणाऱ्या धान्याचंही नाव आहे. लेखिकेनं त्याची चौकशी केली नव्हती. चूक लेखिकेची आहे.’ हिंदीत लिहिलं, सही केली. साहेबांनी वाचलं, शिक्का मारला. शिक्का जरा जोरातच बसला.

पोती सुटायला आणखी नऊ दिवस गेले, कारण दुसऱ्या एका टेबलावरचे गृहस्थ रजेवर होते. उघडली तेव्हा अठरा पोत्यांना वास येत होता. संध्यानं नाक लावून एकेक बाजूला काढली. ती दुबईला गेली नाहीत, गाईगुरांच्या खाद्यात गेली. बाकीची बेचाळीस गेली. दुकानदारानं उशिराबद्दल कुरकुर केली, पण माल ठेवून घेतला. फूलवतीबाईंच्या गटातल्या चार बायका पुढच्या वर्षी कुटायला तयार नव्हत्या, बाकीच्या तयार होत्या. त्या चौघींना समजवायला मी फोनवर बोलू का, असं विचारलं. फूलवतीबाई म्हणाल्या, “आप रहने दीजिए.”

सुटकेचा आदेश मी जपून ठेवला आहे. त्यात लिहिलंय: ‘आवेदिका श्रीमती पॅनिकम सुमात्रेन्स, पूर्व नाम मिलिएर, को निर्यात की अनुमति दी जाती है.’ कुटकीच्या वाट्याला इतका मान आधी कधी आला नसेल.

पुस्तकाची शुद्धिपत्रं छापून ज्या ज्या लायब्ररीत पुस्तक गेलं होतं तिथं पाठवली. बहुतेकांचं उत्तर आलं नाही. एका कॉलेजनं कळवलं की शुद्धिपत्र मिळालं, आभार, पण पुस्तक सापडत नाही. तेवढीच समाजसेवा.

आता दुसरी आवृत्ती करते आहे. यादीतलं प्रत्येक खाण्याचं नाव पक्कं करण्याआधी ते पिकवणाऱ्या किंवा खाणाऱ्या कुणाला तरी फोन लावते. तिकडे रेंज नसते. एकेका नावाला दोन-तीन दिवस लागतात, कधी आठवडा. प्रकाशक विचारतात, इतका वेळ का? मी सांगते, लॅटिन सगळं झालंय, फक्त खरी नावं राहिली आहेत.